लाभ, दोन, तीन

४ मे, सोमवार

आज सात वेळा मेलो. पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून उभा होतो म्हणून, दुसऱ्यांदा आपल्याच माणसाला वाट देताना, आणि तिसऱ्यांदा कशाने मेलो तेही कळलं नाही. बाकीचे चार सांगण्यासारखे नाहीत. हे सगळं कलीमच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, स्टुलावर बसून. सदरा घामाने ओला झाला. कलीम म्हणाला, "काका, कावून घाबरताव? हितं मेलेला माणूस तीन सेकंदात परत उभा ऱ्हातो."

ही सोय चांगली आहे.

फोनवरचा बंदुकीचा खेळ असा — चार जण इकडून, चार तिकडून. लहानसं आवार, मधे पेट्या रचलेल्या, आडतीच्या गोदामात पोत्यांची थप्पी असते तसं. दहा मिनिटांत जी बाजू आधी चाळीस मारेल ती जिंकली. याला टीडीएम म्हणतात.

मी एकाहत्तर वर्षांचा, सातवी पास. हे का करतोय ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच मी खुळा वाटायला नको.

माझी मुलगी वनमाला मार्गशीर्षापासून सायलीला घेऊन इथे सिरसाळ्याला आहे. सायली चार वर्षांची. जावई आदिनाथ तिकडे धर्मापुरीला. मागच्या वर्षी होळीला त्याचं वेल्डिंगचं काम सुटलं. त्याने हातात फोन धरला तो सोडलाच नाही. दिवसभर हाच खेळ. शेवटी वनमालाने एक दिवस तो फोन हौदात टाकला. तो म्हणाला, "जा मग माहेराला." ही निघाली. एवढंच! मारहाण नाही, दारू नाही. त्याने नवा फोन घेतला आणि आमच्यापैकी कुणाचाच फोन उचलत नाही. व्याही मोहनराव म्हणतात, "पोरगी आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येऊ द्या." वनमाला म्हणते, "न्यायला आल्याबिगर मी जायची न्हाई." दोघंही बसलेत. मधे माझं ब्लडप्रेशर.

परवा कलीम सहज बोलला, "तुमचे जावई? रोज पाचला येतेत की गेममधी. आमी संगंच खेळतो."

म्हणजे तो भेटेल अशी एकच जागा उरली आहे. मग मी तिथे जाणार.

५ मे, मंगळवार

खेळात नाव घालावं लागतं. राधाकिशन घातलं तर तो ओळखेल. कलीमने 'शांतकाका७१' घातलं. शांत कसला!

फोन तापतो. फुटला तर? कलीम म्हणाला, "तुमी तरी कुठं गार हाव?" विचारलं, बंदुकीचा खेळ आहे, पोलीस बघत असतील का? म्हणाला, "पोलीसबी खेळतेत, काका. लई भारी खेळतेत." डॉक्टरांनी जिवाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलंय, ते त्याला विचारलंच नाही.

वनमालाला सांगितलं, रोज पाच वाजता फोनवर कीर्तन ऐकणार. कानात वायर घालून ओसरीवर बसलो. ती नुसती बघून आत गेली.

८ मे, शुक्रवार

मारला! एक मारला! पेटीमागून त्याचं डोकं वर आलं आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं. तो पडला. तोंडातून निघालं — "लाभ!"

तेहतीस वर्षं सिरसाळ्याच्या बाजारात धान्य मोजणारा मापाडी होतो. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन. जीभ तशीच वळलेली आहे. दुसरा मारला तेव्हा "दोन" पण म्हटलं. तिसरा मिळाला नाही. मीच मेलो, पण कोण विचारतो! अंग हलकं झालंय. मान अजून दुखते.

वनमाला ओट्यावरून म्हणाली, "आबा, कीर्तनात माप कावून चालू हाय?" म्हटलं, महाराज धान्याचा दाखला देतायत. कीर्तनाच्या नावाने खोटं बोललो. हे पाप लागेल मला.

११ मे, सोमवार

आज आदिनाथ आमच्या बाजूला आला. पडद्यावर नाव 'आदी_धर्मापुरी'.

कलीमने सांगितलं, एक नवीन काका आहेत, सांभाळून घ्या. कानात आवाज आला, "राम राम, काका. कुठले?" तोच आवाज. किती महिन्यांनी! माझा अंगठा असा घसरला की पडद्यावरचा माझा माणूस गोल गोल फिरायला लागला. "लिंबागणेशचा," म्हणालो. आवाज जरा घोगरा केला. तो म्हणाला, "बरं. माझ्या मागं ऱ्हावा. मी म्हनलो की बाहेर या, तवर न्हाई."

मी त्याच्या मागे राहिलो. एक मारला. "लाभ," म्हणालो.

तो थांबला. खेळात मधेच कुणी थांबत नाही. म्हणाला, "काय म्हनलाव, काका?"

"काही नाही. खोकला आला."

त्यानंतर मला गोळी लागली की तो धावत येऊन माझ्यापुढे उभा राहायचा. चाळीस–एकतीस जिंकलो! परक्या म्हाताऱ्याशी एवढा चांगला वागतो. आमच्याशीच काय झालं होतं?

१३ मे, बुधवार

चौथा गडी अंगद. तोही कलीमच्या ओळखीचा, कॉलेजात शिकतो, तोंडाचा फटकळ. आज वैतागला. "कलीम्या, त्या काकाला माईक बंद करायला सांग बे. भांडी वाजतेत, पोरगी कविता म्हनती. पावलं ऐकू येइनात."

वायरलाच माईक आहे हेही मला माहीत नव्हतं. म्हणजे आमच्या घरातलं सगळं तिकडे जातं! बंद कसा करायचा ते येत नाही, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली.

आदिनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे, अंगद. मला काय तरास न्हाई."

"तुला न्हाई, मला हाय."

"मग तू दुसरी टीम बग."

मोठ्या मनाचा आहे आदिनाथ, म्हातारा आहे म्हणून सांभाळून घेतो. पण वनमालाचा आवाज त्याने ओळखला तर? उद्यापासून मागच्या अंगणात बसावं का? तिथे रेंज नाही. आणि वनमाला हल्ली दुपारची भांडी परसातल्या नळावर घासायची सोडून पाच वाजता ओसरीवरच, माझ्या पाठीमागे, घेऊन बसते. म्हणते, परसात मुंग्या झाल्यात.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. शेजारी विमलबाईंकडे जावई आले, पुरणाचे धोंडे, अनारसे, कपडे. तेल तापल्याचा वास आमच्या घरात. मी चाचरत विचारलं, धर्मापुरीला निरोप धाडू का? जावयाला बोलवायचा मान आपलाच असतो.

"न्हाई," वनमाला म्हणाली. "जेवायला बोलवून आनलेला मानूस जेवून जातो, आबा."



दुसरी काळजी. अधिक महिन्यात रोज माणसं मारतोय, खोटी का असेनात. कलीमला विचारलं. तो म्हणाला, "काका, ते तीन सेकंदात उटतेत. पाप लागायला वेळच कुठं मिळतो?" तरी महादेवाला जाऊन आलो. मग पाच वाजता अकरा मारले! एका डावात अकरा! असं जमलं नव्हतं कधी माझ्या आयुष्यात.

२१ मे, गुरुवार

पकडला गेलो.

सदतीस–पस्तीस. आदिनाथ डावीकडे, मी पेटीमागे. एवढ्यात वनमालाने येऊन माझ्या एका कानातली वायर काढून स्वतःच्या कानाला लावली. गोळ्या चालल्याच होत्या. तिने वायर माझ्या मांडीवर टाकली.

ती कधी मोठ्याने बोलत नाही. आज ओसरीवर उभी राहून मोठ्याने बोलली. "आबा, तुमी पन? आट म्हैने त्या घरात हाच आवाज ऐकला मी. जेवायला वाढलं तरी हाच. सायलीला ताप आला तरी हाच. शेजारी मानूस बसलेला दिसायचा, पन घरी कोनच नसायचं. काम गेलं त्याचा मला राग नव्हता. काम कुनाचं जात न्हाई? माझ्याकडं एकदा बगितलं आस्तं तर फोन पान्यात गेला नस्ता."

आत गेली. मी तसाच बसलो. पडद्यावर मी मेलो होतो, परत उठलो होतो, परत मेलो होतो. आदिनाथचा माणूसही मैदानाच्या मधोमध उभा. कलीम ओरडत होता, "आदिनाथभाई, हला की! झोपलाव का?" हरलो.

तिला कळलं नाही की समोर कोण होतं. देवा, कळू देऊ नको.

२३ मे, शनिवार

आदिनाथ दोन दिवस आला नाही. त्याने ऐकलं असेल का? ओळखलं असेल का? माझ्यामुळे शेवटचा दोरही तुटला. जेवण गेलं नाही.

आश्चर्य — वनमाला स्वतःच म्हणाली, "आबा, पाच वाजले. आज कीर्तन न्हाई का?" टोमणा असेल. पण तिने माझा फोन चार्ज करून ठेवला होता.

२६ मे, मंगळवार

आला! आला! 'आदी_धर्मापुरी' हिरवं झालं आणि मी ओसरीवर उभाच राहिलो. कलीमने विचारलं, कुठं गेलताव? "अंबाजोगाईला. एका शेडचं वेल्डिंगचं काम लागलंय. आता पाचला सुटतो. दिवसातनं एकच डाव खेळणार, मग बंद."

अंगद म्हणाला, "एकच? मंग येतूच कशाला बे?"

"येतो आपला."

चाळीस–एकोणीस! एकाहत्तर वर्षांत असा विजय बघितला नाही. सायली ओसरीभर नाचली. तिला कळलं नाही कशासाठी, पण नाचली.

३० मे, शनिवार

कलीमने गावातली पोरं जमवून सामना लावला. चिठ्ठ्यांमध्ये आदिनाथ समोरच्या बाजूला गेला. समोरच्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, आपलं त्यांना नाही. नुसतं दिसतं.

एकोणचाळीस–एकोणचाळीस. एक गोळी कुणाचीही, आणि संपलं. अर्धं मिनिट राहिलेलं. मी पेटीला वळसा घातला आणि समोर आदिनाथ! चार हातांवर. त्याची बंदूक माझ्याकडे, माझी त्याच्याकडे.

अंगद कानात बोंबलतोय, "काका, म्होरं हाय की! दाबा! दाबा!"

कसं दाबू? अधिक महिना. जावयाला ताटात धोंडे वाढायचे, वाण द्यायचं, आणि मी त्याच्या कपाळात गोळी घालू? बोट बटनावर आणि बटन दाबवत नाही. गंमत म्हणजे त्यानेही झाडली नाही. नुसता उभा. मग दोनदा खाली बसला, उठला. त्याचं नेट अडकलं असावं. वेळ संपली. बरोबरी.

कलीम दुकानात मला म्हणाला, "काका, गोळी कावून न्हाई मारली? डोळे गेले का?" अंगद माझ्याशी बोलत नाही. मला मात्र आज फार बरं वाटतंय.

१ जून, सोमवार

कलीमकडून माईक बंद करायचं शिकलो. वर उजव्या कोपऱ्यात बारकं चित्र असतं, त्यावर टिचकी. मला वाटलं अंगदचा राग जाईल. बंद करून खेळलो. अंगद खूश.

पण आदिनाथचं चित्त नव्हतं. तीनच मारले. दोनदा म्हणाला, "काका, आवाज येइना तुमचा." डाव संपल्यावर कलीमला म्हणाला, "त्यांचा माईक बिगडला आसल तर दुसरी वायर द्या. माझ्याकडनं."

एवढी माया परक्या माणसावर!

२ जून, मंगळवार

काल बंद केलेला माईक आज आपोआप चालू. या फोनचं काही खरं नाही. अंगदने शिव्या घातल्या. सायलीची कविता चालू होती, वनमाला शेजारी बसून एकेक ओळ सांगत होती. आदिनाथने सोळा मारले.

६ जून, शनिवार

सायलीला ताप. खेळायचं मनात नव्हतं, पण वनमालाच म्हणाली, "बसा घटकाभर, तुमच्या येरझाऱ्यांनी ती झोपंना." सायली ओसरीवर तिच्या मांडीवर, खोकत होती.

डाव ऐन भरात. गोळ्यांच्या आवाजात आदिनाथ म्हणाला, "काका, लेकरू खोकतंय. ते गुलाबी औषध देऊ नका, उलटी करती ती. तापाची गोळी कुटून गुळात द्या."

मी वायर काढून तसंच सांगितलं. वनमालाने माझ्याकडे बघितलं आणि गूळ आणायला उठली. सायलीने गोळी घेतली, उलटी नाही, घाम आला, झोपली.

आता आठ वाजलेत आणि आत्ता डोक्यात आलं. लिंबागणेशच्या कुण्या काकाच्या नातीला गुलाबी औषधाने उलटी होते, हे धर्मापुरीच्या माणसाला कसं ठाऊक?

७ जून, रविवार

पाचला दहा मिनिटं कमी असताना गेम उघडली. रविवार, त्याला सुट्टी. तो आधीच आलेला. कलीम, अंगद अजून नव्हते. वनमाला नळावर पाणी भरत होती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आदिनाथराव."

"हां, मामा."

काका नाही. मामा.

"कधीपासून?"

"पयल्याच दिवशी. लाभ म्हनलाव तवा. गोळीला माप लावनारा मानूस ह्या तालुक्यात दुसरा कोन हाय?"

"मग बोलला का नाही?"

"बोललो आस्तो तर तुमी माईक बंद केला आस्ता." मग हळू म्हणाला, "पातेलं आदळलं की कळायचं, अजून राग हाय. हल्ली हळू ठिवती."

मी इकडे सदऱ्याने डोळे पुसत होतो. म्हणालो, धोंडे खायला या. तो म्हणाला, "तिनं म्हनलं तर. तिनं न म्हनता आलो तर नुसता जेवून जाईन, मामा."

दोघंही तेच बोलतात! आणि मधे मी.

९ जून, मंगळवार

दोन दिवस वनमालाला सांगायचं ठरवतोय. सांगितलं तर म्हणेल, इतके दिवस तो चोरून ऐकत होता, तुम्ही ऐकवत होतात. नाही सांगितलं तर महिना संपतोय. तीन वेळा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो. शेवटी म्हणालो, "वनमाला, त्या फोनमध्ये ना..."

"पाच वाजले, आबा. बसा."

बसलो. सगळे होते. डाव सुरू झाला. ती भांडी घेऊन ओसरीवर आली. तांब्या घासता घासता, तांब्याकडेच बघत म्हणाली, "रविवारी पुरन घालनार हाय. धोंडे गरम खायचे आसतील तर बाराच्या आत यावं लागतं. आन् रिकाम्या हातानं यावं. फोन बिगर."

खेळात आमची चारही माणसं जागच्या जागी उभी. समोरचे येऊन आम्हाला पटापट मारून गेले.

मग अंगद म्हणाला, "काका, आमी बी येऊ का?"

कलीम म्हणाला, "गप बस बे."

१४ जून, रविवार

आला. साडेअकराला, पायी. फोन कलीमच्या दुकानात ठेवून. दाराशी अडला. वनमालाने पाय धुवायला पाण्याची बादली आणून ठेवली आणि म्हणाली, "हाताला पट्टी कसली?" वेल्डिंगचा चटका. तिने पट्टी सोडून बघितली. तो तिच्याकडे बघत होता. मला तिथून उठावंसं वाटलं, उठलो.

सायली त्याच्या पाठीवर. पाच धोंडे खाल्ले त्याने. तेहतीस अनारसे आणि धोतरजोडी दिली, दिव्याचं वाण दिलं. मी त्याला ओवाळताना चुकून पहिल्या फेरीला "लाभ" म्हणालो. सगळे हसले. वनमाला सुद्धा, पदर तोंडाला लावून.

परवा घेऊन जातो म्हणाला. तिने नाही म्हटलं नाही.

१६ जून, मंगळवार

अकराच्या एसटीने गेले. पाच वाजता बसलो. आदिनाथचं नाव हिरवं झालं नाही. अंगद म्हणाला, "काका, आज भांडी न्हाईत?"

नाहीत.

गाडी हलली तेव्हा वनमाला खिडकीतून वाकून म्हणाली होती, "आबा, आता माईक बंद करा. वर उजव्या कोपऱ्यात हाय. मागं तुमी बंद केलता, तो मीच चालू केलता."